दा बीहीचं दुसरं बिऱ्हाड

दा बीहीने फ्रान्समध्ये दुसरं बिऱ्हाड केलंय, अशी कुजबूज तिझगी गावात पहिल्यांदा उठली ती एका सदऱ्यावरून.

बीही फ्रान्सहून घरी आला आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी त्याने आपला सदरा आपल्या हाताने धुऊन अंगणातल्या दोरीवर घातला. तोही उलटा करून, कॉलर खाली सोडून, चिमटे लावून. समोरच्या तामूने हे पाहिलं. तामूच्या घराला दोन खिडक्या होत्या आणि दोन्ही बीहीच्या अंगणाकडे उघडायच्या, त्याला ती तरी काय करणार? संध्याकाळी बीहीने चहाचा पेला विसळून पालथा घातला, तेव्हा तिची खात्रीच पटली.

"साठी उलटलेला पुरुष," ती भट्टीवर रोट्या भाजायला जमलेल्या बायकांना म्हणाली, "आपल्या डोंगरातला, आणि चिमटे लावतो. असं वळण पुरुषाला आपोआप लागत नाही गं. कुणीतरी लावलंय."

"कुणी?"

"ते मी कसं सांगू? मला कुणाच्या भानगडीत पडायचं नाही. सोनेरी केसांची असणार."

आठवड्याभरात त्या सोनेरी केसांना एक बेकरी मिळाली, बेकरीवर माडी चढली, आणि माडीत एक केसाळ कुत्रंही येऊन बसलं. 'दा' म्हणजे तिथे थोरल्या माणसाला द्यायचा मान. एवढं सगळं बोलताना तामूने दा बीहीचा तो मान मात्र एकदाही सोडला नाही.

बीहीला हे वळण लागलं होतं ते खाणकामगारांच्या वसतिगृहात. तो विशीत असताना फ्रान्सच्या कोळशाच्या खाणींसाठी माणसं निवडायला एक साहेब तिझगीच्या बाजूला, सूसच्या डोंगरात आला होता. जवान पोरांना उघड्या अंगाने रांगेत उभं करायचं, दात बघायचे, दंड दाबायचे, आणि पसंत पडला की छातीवर हिरवा शिक्का. नापसंताला लाल. बीही हिरवा शिक्का घेऊन घरी आला तेव्हा लग्नाला चार महिने झाले होते. बायकोने, रुकियाने, ओल्या फडक्याने तो पुसायचा प्रयत्न केला. जाईना.

"राहू दे," ती म्हणाली, "हरवलात तर मेंढरासारखे ओळखता येतील."

खाण बंद पडली तेव्हा बीही चाळिशीला आला होता. मग तो छपरं घालायला लागला. एका मुकादमाने काढलं की दुसऱ्याकडे, दुसऱ्याने काढलं की तिसऱ्याकडे. मधल्या काळात बाजारात पेट्या उचलणं. म्हातारपणी पेन्शनीचा कागद हातात आला तेव्हा त्यातली अकरा वर्षंच गायब होती. मुकादमांनी त्याच्या नावाचा भरणा कधी केलाच नव्हता.

"या अकरा वर्षांत तुम्ही कुठे होतात?" पेन्शन कार्यालयाच्या खिडकीतल्या बाईंनी विचारलं.

"छपरावर," बीही म्हणाला.

त्यांच्याकडे छपराचा रकाना नव्हता. मात्र अशा तुटक्या पेन्शनीच्या म्हाताऱ्यांना सरकार वरून भत्ता देतं, हे त्यांनीच सांगितलं. अट एकच. वर्षातले किमान एकशे त्र्याऐंशी दिवस फ्रान्समध्ये राहायचं. पेन्शन कुठेही मिळेल, भत्ता राहणाऱ्यालाच. बीहीने मान डोलावली. नाहीतरी तो वर्षातले आठ-नऊ महिने तिथेच असायचा. कागदांची कामं असतात, एवढंच त्याने रुकियाला सांगितलं होतं.

पुढे रुकियाची मूत्रपिंडं निकामी झाली. आठवड्यातून तीनदा बसने तारूदांतच्या इस्पितळात जायचं आणि चार तास यंत्राला बांधून घ्यायचं. ते यंत्र पेन्शनीवर चालण्यातलं नव्हतं, भत्त्यावर चालत होतं. पहिल्याच दिवशी हातात सुई खुपसलेली असताना तिने नवऱ्याला बजावलं होतं, "ऐका. ही सुई तुम्हाला माझ्यापायी परमुलखात डांबून ठेवणार असेल, तर मी आत्ता उपटून फेकते."

ती फेकणारी होती. लग्नाच्या पहिल्या वर्षी सासूशी भांडून तिने आख्खा चहाचा संच दरीत फेकला होता.

"काहीतरीच," बीही म्हणाला. "पेन्शन आहे ती. घरबसल्या येते."

त्या वर्षी त्याने ठरवलं की नेमके सहा महिने तिकडे काढायचे आणि उरलेले सहा रुकियापाशी. आणि इथेच घोटाळा झाला. बीहीला अक्षरओळख नव्हती. खोलीत औषधवाल्याने दिलेलं कॅलेंडर होतं, पण ते भिंतीवरची ओल झाकायला. त्याचे महिने तिझगीतले महिने होते. सणाचे, उपासाचे, मेंढ्यांच्या गाभणीचे, म्हणजे चंद्राचे, कधी एकोणतीस दिवसांचे तर कधी तीस. फ्रान्सच्या ढगाळ आकाशात सहा चंद्र त्याने काळजीने मोजले, ढगांमुळे दोनदा कोर हुकली तेव्हा मशिदीत जाऊन विचारून घेतलं, आणि सहावा पुरा होताच बोटीने तो घरी आला. रुकियाला बसमध्ये चढवणं, उतरवणं, तिच्यासाठी पाणी पेल्याने मोजणं, कारण जास्त पाणी तिला चालत नव्हतं. सदरा धुणं त्यातलंच. त्या आजारी बाईने का धुवायचा? पण खिडकीतून तेवढा भाग दिसत नव्हता.

वर्ष सरल्यावर तो वसतिगृहात परतला, वसंतात पुन्हा येतो असं सांगून. महिन्याभरात पत्र आलं. शेजारच्या खोलीतल्या अद्दीने ते वाचून दाखवलं. अद्दीही त्याच डोंगरातला, खाणीतलाच, एक फुप्फुस खाणीत ठेवून आलेला.

"पासपोर्ट घेऊन बोलावलंय रे तुला."

"कशाला?"

"राजदूत करतायत. जा, दाढी कर."

कार्यालयातल्या बाई तरुण होत्या आणि उद्धट नव्हत्या. उद्धट असत्या तर बीहीला सोपं गेलं असतं. त्यांनी पासपोर्टाची पानं उलटली, शिक्क्यांवर पेन्सिल टेकवत गेल्या, आणि म्हणाल्या, "एकशे सत्त्याहत्तर दिवस. सहा कमी आहेत."

"सहा महिने पुरे राहिलो, बाईसाहेब."

"कोणत्या तारखेपासून?"

"तारीख नाही. चंद्र. सहा पुरे झाले. अद्दीला विचारा."

बाईंनी पेन्सिल खाली ठेवली. हसल्या नाहीत. जरा वेळ त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं, तिथे चंद्र असता तर बरं झालं असतं अशा चेहऱ्याने.

"मी हे असं लिहू शकत नाही," त्या म्हणाल्या. "चौकशी लागली आहे. ती संपेपर्यंत भत्ता चालू ठेवते, पण तोवर तुम्ही देश सोडायचा नाही. एक दिवसही नाही. गेलात तर कायमचा बंद."

"बायको आजारी आहे."

"त्यांना इथे आणता येईल का?"

"बसमधून उतरवायलाच दोन माणसं लागतात."

"चौकशी कधी संपेल, सांगता येत नाही," त्या म्हणाल्या, आणि पासपोर्ट दोन्ही हातांनी परत दिला.

बाहेर आल्यावर अद्दीने विचारलं, "काय म्हणाली?"

"सहा दिवस कमी."

"सहा? इथे माझ्या आयुष्यातली तीस वर्षं जास्त झाली, त्यातले देऊन टाक म्हणावं."

वसंत गेला. मोठी ईद आली, गेली. तिझगीतल्या कुजबुजीत बेकरीवालीला आता दोन पोरं झाली होती. बीही फोनवर कागद, पाऊस, तिकीट, गुडघा असं काहीबाही सांगत राहिला. खरं सांगितलं की सुई उपटली जाणार, हे त्याला डोळ्यांपुढे दिसत होतं. अशात एका दुपारी रुकियाचा फोन आला. आवाज शांत होता.

"तामू म्हणते, तिकडे तुमची बाई आहे."

बीही खोलीत पलंगाच्या कडेवर बसला होता. बसायला दुसरी जागा नव्हती. नाही म्हणावं, तर पुढचा प्रश्न ठरलेला होता. मग का येत नाही?

"बोला की."

"आहे," बीही म्हणाला.

 पलीकडून रुकियाने विचारलं, "नाव काय?"

नावाचा विचार त्याने केलाच नव्हता. बाहेर मजल्यावर झाडूवाली ओली फरशी पुसत होती आणि दर दाराला पुसणीचा दांडा आपटत होती. बासष्ट वर्षांची, जाडजूड, एका गुडघ्याने अधू.

"जोझियान," तो म्हणाला.

"स्वैपाक येतो तिला?"

"नाही."

"मग बरं." आणि लगेच ती म्हणाली, "ऐकून ठेवा. मी मरावं आणि तुम्ही तिला माझ्या चुलीपाशी आणून बसवावं, तेवढ्यासाठी मी मरणार नाहीये. एक खेप चुकवायची नाही मी त्या यंत्राची. सांगा तिला."

"सांगतो."

त्याने फोन ठेवला. अद्दी साखर मागायला आला होता, त्याने दारातून सगळं ऐकलं होतं.

"गाढवा," अद्दी म्हणाला. "निदान सडपातळ तरी निवडायचीस."

बीहीने उठून साखर दिली.

लेक ईज्जाने पुढे कळवलं की आई पहिल्यांदाच वेळेआधी बसथांब्यावर जाऊन उभी राहते, पाणी मोजून पिते, डॉक्टरांशी भांडून जेवणाची यादी लिहून घेते. तिला झालंय काय, कळत नाही. बीहीला कळत होतं. त्याने एवढंच विचारलं, "वजन वाढलं का?"

चौकशी चौदा महिन्यांनी संपली. भत्ता राहिला, अटही राहिली. या खेपेला अद्दीने दिवस कॅलेंडरवर खुणा करून मोजले, वर सात जादा धरले, आणि बीही घरी गेला. दारात ईज्जा आली. रुकिया आतून आली नाही. तिचं अंथरूण लेकीच्या खोलीत होतं. सकाळचा चहा ईज्जाच्या हाती बाहेर यायचा, पुदिना घालून, साखर बरोबर त्याला हवी तेवढी. बसपर्यंत त्याने हात धरू म्हटलं, तर रुकिया म्हणाली, "तुमची सवय लागायला नको," आणि भिंत धरत गेली. तो चार पावलं मागे चालत राहिला. दोनदा खरं त्याच्या तोंडाशी आलं. दोनदा त्याने तिच्या दंडावरची सुईची गाठ पाहिली आणि गिळलं.

सदरा मात्र तो धूत राहिला. दोरीपाशी तामू येऊन उभी राहिली.

"कसं काय, दा बीही. जोझियान बरी आहे ना?"

"गुडघा दुखतो तिचा," बीही म्हणाला.

"अरेरे. गुडघ्याला चोळायला अर्गनच्या बियांचं तेल ने तिला."

परत जाताना बाटली घेऊनच तामू बसथांब्यावर आली. ती कुत्सितपणे देत होती की खरोखर, हे तिलाही सांगता आलं नसतं. बीहीने ती पिशवीत ठेवली आणि वसतिगृहात पोचल्यावर झाडूवालीला दिली. तिला काही कळलं नाही, पण तेल चांगलं होतं.

दा बीहीला फ्रान्समध्ये बायको नव्हती. नऊ चौरस मीटरची खोली होती, आणि त्या खोलीत तो वर्षातले एकशे नव्वद दिवस राहिला तरच तारूदांतचं यंत्र चालत होतं.