इंटरनेटचे स्क्रू पिळणारे मास्तर

मशीनमास्तरांनी उभ्या आयुष्यात कुठल्या शाळेत एक तासही घेतला नव्हता. चाळीस वर्षं ते टाइपरायटर दुरुस्त करत होते, आणि कितीही हट्टी मशीन त्यांच्या टेबलावर आलं की खोडकर पोरागत सुतासारखं सरळ व्हायचं, म्हणून लोकांनीच त्यांना मास्तर करून टाकलं. पुढे कचेऱ्यांतून टाइपरायटर गेले, मास्तर घरी बसले. पण अंगठा आणि तर्जनी काही निवृत्त झाली नाहीत. ती दोघं हवेतच कुठला तरी स्क्रू पिळत असायची.

त्यांना पिळायला खराखुरा स्क्रू मिळवून दिला तो बायकोने.

बाई लोकरीचं विणकाम शिकवायच्या. गुडघ्यांनी संप पुकारला तेव्हापासून वर्ग कॉम्प्युटरवर आला होता. दर शनिवारी चार वाजता पडद्यावर चौदा चौकटी उघडत आणि चौदा जणी सुया सरसावून बसत. बाई म्हणत, "आता लोकर पुढे घ्या आणि..." आणि तिथेच त्यांचं चित्र थिजायचं. तोंड उघडं, सुई अधांतरी. ऐन प्रवेशात संवाद विसरलेल्या नटीने विंगेकडे कान लावावा तशा. मिनिटभराने चित्रात जीव यायचा, तोवर बाई वीस टाके पुढे गेलेल्या आणि चौदा मोजे चौदा दिशांना.

गेल्या शनिवारी वर्गातल्या सगळ्यात जुन्या विद्यार्थिनीने, एका दंतवैद्य बाईने, दात काढण्याआधी देतात तशा मऊ आवाजात सांगून टाकलं होतं. पुढच्या खेपेलाही असंच झालं तर सगळ्याजणी दुसरीकडे शिकायचं म्हणताहेत. तीस वर्षांचा वर्ग एका शनिवारवर येऊन ठेपला. बाईंनी कॉम्प्युटर बंद केला आणि लोकरीचे गुंडे उगाचच रंगांप्रमाणे लावत बसल्या. मास्तरांना ते बघवेना.

"शनिवारपर्यंत तुझं इंटरनेट घोड्यासारखं पळवतो," ते म्हणाले.

"आधी बैलासारखं चालवा," बाई म्हणाल्या.

मास्तरांनी व्हिडिओ पाहायला घेतले. त्यात काळा चष्मा लावलेला एक गृहस्थ शपथेवर सांगत होता की कॉम्प्युटरची सिस्टीम तुमच्या इंटरनेटचा पाचवा हिस्सा स्वतःसाठी दडवून ठेवते आणि एक सेटिंग बदललं की तो मोकळा होतो. म्हणजे घरातच चोर! मास्तरांना स्फुरण चढलं. त्यांची कामाची पद्धत जुनी आणि पक्की होती: एका वेळी एकच स्क्रू, मग चाचणी, मग वहीत नोंद. सेटिंग बदलण्याआधी वेग आला बारा. बदलल्यावर एकतीस. मास्तरांनी खुर्चीतल्या खुर्चीत अशी गिरकी घेतली की चष्मा एकीकडे आणि वही दुसरीकडे.

संध्याकाळी बाईंनी धाकट्या बहिणीला व्हिडिओ कॉल लावून रंगीत तालीम घेतली. दुसऱ्याच वाक्याला चित्र थिजलं.

मास्तर खचले नाहीत. एक स्क्रू पिळून कुठलं मशीन सुधारलंय? मंगळवारी त्यांनी कॉम्प्युटरच्या पडद्यावरच्या खिडक्यांच्या सावल्या काढल्या. बुधवारी वेबसाइटचे पत्ते शोधून देणारा सर्व्हर बदलला. त्याने पान उघडायचा वेळ पापणी लवण्याइतका कमी झाला, बस्स. गुरुवारी आपोआप उतरणारी अपडेट थांबवली आणि कसली कसली नावं न कळणारी बटणं बंद केली. दर चाचणीत आकडा तीसच्या पुढे, दर तालमीत चित्र थंडगार. शुक्रवारपर्यंत अकरा सेटिंगं बदलून झाली. कॉम्प्युटर मुंडण केल्यासारखा भुंडा दिसू लागला, त्याचा पंखा घोरू लागला आणि प्रिंटर ओळखच दाखवेना. बहिणीने कळवलं की ताईचे उघड्या तोंडाचे सतरा फोटो जमलेत, हवे असतील तर पाठवते.

शेवटी बाईंनी खुर्ची ओढली आणि मास्तरांसमोर बसल्या. "अहो, आकडा वाढतो तेव्हा तुम्ही नेमकं काय काय करता ते करून दाखवा. सावकाश. एकेक टाका."

मास्तर पहिल्या दिवसाच्या विद्यार्थ्यासारखे करू लागले. सेटिंग उघडलं. बदललं. बंद केलं. मग उठून कपाटाशी गेले. इंटरनेटचा लुकलुकता डबा, राउटर म्हणतात तो, तिथे टाइपरायटरच्या जुन्या पत्र्याच्या झाकणाखाली ठेवलेला होता. झाकण उचलून त्यांनी बाजूला ठेवलं.

"हे कशाला?"

"अगं, चाचणी झाकण काढूनच घ्यायची असते. झाकलेल्या मशीनवर कोणी टाइप करतं का?"

"आणि काम झाल्यावर?"

"झाकण घालायचं. धूळ बसते."

बाईंनी झाकण परत ठेवलं आणि चाचणीचं बटण दाबलं. बारा. झाकण काढलं. एकतीस. पुन्हा ठेवलं, पुन्हा काढलं. आकडा खाली-वर, खाली-वर. सेटिंगला कोणी बोटही लावलेलं नव्हतं. पहिल्या दिवशीचे बारासुद्धा झाकणाखालचेच होते; तेव्हा झाकण काढायचं मास्तरांना सुचलंच नव्हतं.

मास्तरांनी वहीतल्या नोंदींवर नजर फिरवली. मग त्यांच्या पोटातून हसू निघालं, ते थांबेचना. चाळीस वर्षं झाकण घालायला विसरणाऱ्या माणसाला ते फाडून खात आले होते, आणि आता स्वतःच बायकोच्या इंटरनेटला पत्र्याच्या पेटीत कोंडून बाहेरून पळ पळ म्हणत होते. बाईही हसू लागल्या. दोघांनी मिळून सगळी सेटिंगं पूर्ववत केली. आकडा जागचा हलला नाही. एवढंच केलं की अपडेट वर्गाच्या वेळेत उतरू नयेत, कारण ती बेटी खरंच मधे घुसून वाट अडवायची.

शनिवारी चार वाजता चौदा चौकटी उघडल्या. राउटर उघडा, कपाटाच्या डोक्यावर. मास्तर विंगेत, म्हणजे दाराआड, स्टुलावर. दोन्ही हात बगलेत दाबून, न जाणो झाकणाकडे गेले तर. बाईंनी सुई उचलली. "आता लोकर पुढे घ्या आणि दोन टाके एकत्र विणा," असं सबंध वाक्य, पूर्णविरामासकट, चौदा घरी पोचलं. पाच मिनिटं. दहा मिनिटं. बाईंचे हात पाण्यासारखे वाहत होते.

"बाई," दंतवैद्य बाई अचानक म्हणाल्या, "तुमचा एक टाका सुटलाय. चार ओळी खाली."

बाईंनी विणकाम डोळ्यांशी नेलं. सुटला होता. इतके महिने थिजलेल्या चित्रात त्यांचे किती टाके सुटले असतील आणि कुणाला दिसले नसतील, देव जाणे. त्यांनी चार ओळी उसवल्या, आणि तेवढ्यात पडद्यावर एकच धांदल उडाली. बाईंचीच चूक सापडल्यावर प्रत्येकजण दुसरीच्या हातातली चूक शोधू लागली होती. ही हिला सांगतेय, ती तिला दाखवतेय, सगळ्या उसवताहेत आणि हसताहेत. वर्ग पाचला संपायचा, साडेपाच झाले तरी कोणी उठेना.

"पुढच्या शनिवारी चारलाच ना?" दंतवैद्य बाईंनी विचारलं.

"साडेचारला या," बाई म्हणाल्या. "इतक्या डोळ्यांसमोर विणायचं तर मला आधी अर्धा तास सराव करायला हवा."