तारेच्या माथ्यावरचं नाव

माझा धाकटा भाऊ आखातात गेला तो एका तारेच्या भरवशावर, आणि ती तार मीच टेलिप्रिंटरवर उतरवून घेतली होती.

ऐंशीनंतरची ती वर्षं. मी रत्नागिरीच्या तारघरात कारकून होते. भाऊ वायरमनचं काम शिकलेला, पण काम मिळेल तेव्हा. गुहागरपासून खालपर्यंत किनाऱ्यावरची कितीतरी माणसं तिकडे होती, तशी यालाही ओढ लागली. मुंबईच्या एका एजंटाने त्याचे कागद घेतले आणि सांगितलं, कंपनीची तार आली की निघायचं.

भावाच्या नावावर तार आली. नेमणूक पक्की, ताबडतोब निघा. मशीनवर छापून आलेल्या कागदी पट्ट्या कापून मी आनंदाने फॉर्मवर चिकटवल्या. संध्याकाळच्या एसटीने मालगुंडला घरी गेले आणि मीच ती सगळ्यांना वाचून दाखवली.

बाबांनी तेवढं विचारलं, "खरी असेल ना गो ही?"

"बाबा, माझ्यासमोर मशीनवर आलीय. रोजचं काम आहे माझं."

मग त्यांनी तार घडी करून पेटीत ठेवली.

भाऊ गेला. त्याचं एकच पत्र आलं. पोचलो, कंपनी अजून पाहिली नाही, पासपोर्ट एका माणसाने ठेवून घेतलाय, काळजी करू नका. त्यानंतर काहीच नाही. मामेभाऊ मुंबईत एजंटाच्या पत्त्यावर जाऊन आला. तिथे शिंप्याचं दुकान होतं, आणि त्या शिंप्याला काही ठाऊक नव्हतं.

तेव्हा मी ती तार पेटीतून काढून पुन्हा बघितली. प्रत्येक तारेच्या माथ्यावर ती कुठून निघाली ते छापून येतं. परदेशी तारा मुंबईमार्गेच आमच्याकडे यायच्या, म्हणून मुंबई हा शब्द बघून मला काही वाटलं नव्हतं. पण परदेशी तारेवर मूळ शहराचं नाव असतंच. या तारेवर ते नव्हतं. ती मुंबईतल्याच एका खिडकीवर कुणीतरी पैसे भरून दिलेली साधी तार होती. हे रत्नागिरीत कुणाला कळायचं असतं तर मलाच. मी मजकूर वाचला होता, माथा नाही.

तार घेऊन मी पोलीस ठाण्यात गेले. तिथले फौजदार वयस्क होते. त्यांनी तार उलटसुलट केली. "बाई, गुन्हा घडला कुठे म्हणून लिहू? इथे, मुंबईत की समुद्रापलीकडे?"

"तार इथे आली. पाठवली मुंबईतून. माणूस तिकडे अडकलाय."

"मग तिन्हीकडे कळवायला हवं," ते म्हणाले. "पण तिकडच्यांना हे समजावणार कोण? मला स्वतःला आत्ता समजलं."

मी तिथल्याच बाकावर बसून एक कागद लिहिला. खरी परदेशी तार कशी दिसते, खोटी कशी ओळखायची, मुंबईच्या खिडकीवर मूळ फॉर्म किती दिवस जपून ठेवतात. फौजदारांनी तो तक्रारीला जोडला. कागद मुंबईला गेला, तिथून दिल्लीला, तिथून परदेशात. कित्येक महिने उत्तर नव्हतं.

मग एका दुपारी फौजदार स्वतः तारघरात आले. तिकडच्या पोलिसांनी मजुरांकडच्या तारा गोळा करून इकडे पाठवल्या होत्या. मुंबई पोलिसांनी त्या तारांचे, पाठवणाऱ्याने भरलेले मूळ फॉर्म काढले, तर सगळ्यांवर एकाच माणसाचं हस्ताक्षर. एजंट सापडला, त्याचा तिकडचा माणूसही सापडला. कोंडलेली माणसं सोडवून परत पाठवत होते.

"तुमचा कागद फार उपयोगी पडला," ते म्हणाले, आणि टोपी काढून हातात घेतली.

मी विचारलं, "आणि भाऊ?"

"तापाने गेला. आपली तक्रार तिथे पोचायच्या आधीच. जवळ पासपोर्ट नव्हता, म्हणून कुणाला कळवता आलं नाही."

त्याला तिकडेच पुरलं होतं. आईने त्याचे कपडे किती दिवस धुऊन वाळत घातले, ते मला सांगवत नाही.

पुढे सुटून आलेला एक माणूस गुहागरहून आमच्याकडे आला. पडवीत बसला, पण चहाला हात लावेना. भावाच्या शेजारी तो झोपायचा.

"आम्ही म्हणायचो, फसलो आपण," तो बाबांना सांगू लागला. "तुमचा मुलगा ऐकायचा नाही. म्हणायचा, माझी ताई तारघरात आहे. तिने वाचलेली तार आहे, खोटी कशी असेल? कंपनीची गाडी येईल. तापातसुद्धा तेच म्हणत होता."

मी दाराआड उभी होते. बाबा उठले, पाहुण्यासाठी शहाळं काढतो म्हणून मागच्या बागेत गेले आणि बराच वेळ आले नाहीत. याबद्दल ते माझ्याशी कधीच बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

त्या महिन्यात मी मशीन सोडून, लोकांच्या तारा घेतात त्या बुकिंगच्या खिडकीवर बदली मागितली. साहेबांनी कारण विचारलं. डोळे दुखतात, असं मी लिहून दिलं.