सातबाऱ्यावरचं नाव

अगं ये, जवळ बस. इतक्या दिवसांनी आठवण झाली होय म्हातारीची? तुरीच्या शेंगा उकडल्या की मला माझी विधवा जाऊ आठवते. दिरानं बांधाकडचा तुकडा तिच्या नावावर केला, तेव्हा मीच तिच्या तोंडात साखर घातली. पुढं पोलीस आले, तुरीत लपवलेली गांजाची झाडं उपटली नि विचारलं, "रान कुणाचं?" तिनं पदर सावरला, "माझं हाय साहेब! सातबाऱ्यावर माझंच नाव हाय." दीर लगेच म्हणाला, "ऐकलं ना, साहेब?" झाडं त्यानंच लावलेली, मला ठाऊक होतं, तरी मी बांधावर गप्प उभी राहिले. ती अजून तुरुंगातच आहे. घरात बोलायला आता दीरच तेवढा उरलाय, म्हणून म्हणते, लवकर परत ये गं.