अभय भियांचा तिरका कोपरा

अभय भियांची शेवटची खोली मी बिघडवली.

आज त्यांना जाऊन एक वर्ष झालं. खोली बिघडवल्याचं कुणालाच सांगितलं नव्हतं. काल त्यांच्या बायकोला, वृंदा वहिनींना, सांगितलं, म्हणून आज इथे लिहू शकतेय.

आमची छोटी गेम कंपनी. आमच्याकडे दादाला भिया म्हणतात. भिया लेव्हल एडिटरमध्ये, म्हणजे गेममधल्या जागा आखायच्या सॉफ्टवेअरमध्ये, खोल्या बनवायचे, मी त्या तपासायचे.

एडिटरमध्ये खोली म्हणजे नुसता नकाशा. प्रत्येक कोपऱ्यावर एक ठिपका. ठिपका ओढला की भिंत सरकते. ग्रिड चालू असली की ठिपके चौकटीवर बसतात, भिंती सरळ येतात.

भिया ग्रिड बंद ठेवायचे.

"भिया, भिंत तिरकी आहे."

"मॅडमजी, आमच्या परदेशीपुऱ्याच्या वस्तीत एक कमरा दाखवा, ज्याचे चारी कोने सीधे आहेत. चहा माझ्याकडून."

यावर अर्धा-अर्धा तास भांडायचो. बहुतेक वेळा मीच गप्प बसायचे.

मग भिया ॲडमिट झाले. "छोटंसं ऑपरेशन आहे, सोमवारी येतो."

त्यांची अर्धवट खोली माझ्याकडे आली. एक कोपरा इतका चिंचोळा, की गेमचा हीरो त्यात शिरला की अडकायचा.

मी ग्रिड चालू केली. ठिपका बाहेर ओढला. सेव्ह केलं. फाइल बंद.

दोन मिनिटांचं काम.

त्यांना मेसेज टाकला: "कोपरा सरळ केला. हीरो अडकत होता."

उत्तर आलं: "ठीक आहे मॅडमजी."

रविवारी भिया गेले.

ते "ठीक आहे" मी वर्षभर वाचतेय.

तिरक्या भिंतीसाठी अर्धा तास भांडणारा माणूस नुसतं ठीक आहे म्हणतो?
दुखत होतं म्हणून? मनाला लागलं म्हणून?
की खरंच ठीक होतं, आणि मी उगाच स्वतःला महत्त्व देतेय? तेही शक्य आहे.

जुनी प्रत खूप शोधली. बॅकअपही माझ्या सेव्हनंतरचा निघाला.

काल वहिनी ऑफिसात आल्या.

"ताई, ह्यांनी त्या गेममध्ये आमची पहिली खोली बनवली होती म्हणे. लग्नानंतरची, भाड्याची. आता तर तिथे बिल्डिंग झाली. एकदा दाखवा ना."

मला हे माहीतच नव्हतं.

स्क्रीन सुरू करायच्या आधीच सगळं सांगून टाकलं.

वहिनी खुर्ची ओढून स्क्रीनसमोर बसल्या. मग म्हणाल्या, "दाखवा तर."

बघितलं आणि म्हणाल्या, "हा कोना असा नव्हता."

मी ग्रिड बंद केली, माऊस त्यांच्या हातात दिला. त्यांनी ठिपका आत ओढला. अजून आत. परत बाहेर.

"अहो, मलाच नक्की आठवत नाहीये."

तेव्हा मला खरी भीती वाटली. म्हणजे तो कोपरा आता कुणाकडेच नव्हता.

मग त्यांनी अचानक विचारलं, "इथे माणूस बसवता येतो?"

मी हीरोला भिंतीला टेकवून बसवलं, पाय पसरून.

"हे तिथेच बसून पेपर वाचायचे. पाय सीधे व्हायचेच नाहीत. गुडघे वर, आणि चिडणार माझ्यावर. 'तुझा कुकर सरकव आधी!' कुकर तर त्या बाजूला नव्हताच!"

त्या हसल्या. हसता हसताच ठिपका ओढत राहिल्या. हीरोचे पाय भिंतीत घुसले, तसे मी त्याचे गुडघे दुमडले.

"अजून थोडे. बस. इतकंच."

सेव्ह त्यांनीच केलं.

हाच भियांचा कोपरा आहे का, मला माहीत नाही. दोन-चार इंच इकडेतिकडे असेलच.

गेम अजून बाजारात आलेला नाही. हीरो तिथे पुन्हा अडकतोय. उद्या मीटिंगमध्ये मी सांगणार आहे की हीरोचं काय करायचं ते करा, कोपरा हलणार नाही. ऐकतील की नाही, कोण जाणे.

अभय भिया, आधी माफी मागते.
श्रद्धांजली त्यानंतर.