गोठ्यामागचं पान

हौसाआत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी कशेडी घाटात अडकलो होतो. दरड खाली आलेली, पुढेमागे ट्रकच ट्रक... तिची सून रडत सांगत होती आणि मला निम्मं ऐकूच येत नव्हतं. तिच्या सासरी पोलादपूरला पोचेपर्यंत चिता विझत आली होती. आत्या असती तर म्हणाली असती, "तुमच्या घरचं माणूस येळेवर कधी आलंय रे?" 'तुमच्या घरचं' म्हणजे तिच्याच माहेरचं, कापडे गावच्या आमच्या घरचं. त्या घरात लग्नानंतरच्या पहिल्या पितृपक्षापासून तिनं पाण्याचा घोटही घेतला नव्हता. उंबऱ्याबाहेर उभी राहायची, सगळ्यांची चौकशी करायची, कुणाच्या वाढलेल्या पोटावर एखादा टोमणा मारायची आणि निघायची.

आत्या माझ्या वडिलांची चुलत बहीण. तिचे वडील धोंडू एका मालवाहू आगबोटीवर आगवाले होते, म्हणजे बोटीच्या पोटात उभं राहून भट्टीत कोळसा ओतायचा. सुट्टीवर आले की नखांतला काळा रंग जायचा नाही, एवढंच आत्याला आठवायचं. दुसऱ्या महायुद्धात ते बोटीवर गेले ते परत आले नाहीत. ती तेव्हा पाचसहा वर्षांची. मागे राहिली ती, तिची आई आणि घराचे कर्ते असलेले धोंडूंचे थोरले भाऊ, म्हणजे माझे आजोबा, आबा.

आबांच्या मांडीवर मी वाढलो. शब्दाचा माणूस अशी त्यांची पंचक्रोशीत ख्याती. बांधावरून भांडण झालं की लोक म्हणायचे, आबा बोलेल ते खरं. म्हणूनच पुढचं लिहिणं जड जातं... पण लिहिणार आहे.

धोंडू येईनात तेव्हा गावानं आपणच निकाल लावला. रंगूनला नाहीतर आफ्रिकेत कुणी बाई ठेवली असेल, बोटीवरच्यांचं असंच असतं! आबांनी कधी होय म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. आत्याच्या आईनं ते खरं धरलं. कपाळाला रोज कुंकू लावायची आणि लावता लावता नवऱ्याला शिव्या घालायची. भात लावताना, मळताना, जात्यावर बसली तरी शिव्या. मुलीनंही बापाचा राग धरला. शाळेत पोरं चिडवायची तेव्हा ती म्हणायची, माझा बा मेला.

ते खरंच होतं, आणि ते एका माणसाला ठाऊक होतं.

आमच्याकडे पितृपक्षात सर्वपित्री अमावास्येला पूर्वजांची पानं वाढून पडवीच्या कौलांवर ठेवतात. आबा दरवर्षी एक पान जास्त घ्यायचे आणि गोठ्यामागे नेऊन ठेवायचे. आत्याला लहानपणी वाटायचं, ते राखणदार देवाचं. लग्न होऊन पोलादपूरला गेल्यावर पहिल्याच पितृपक्षात तिनं पाहिलं, सासरीही एक पान बाजूला निघालं. सासूनं सांगितलं, माझे धाकटे दीर अपघातात गेले ना, अकाली गेलेल्याचं पान आपल्यात वेगळं ठेवतात. आत्या हातातली पळी खाली ठेवून तशीच उठली आणि चालत कापड्याला आली.

"काका, गोठ्यामागचं पान कोणाचं?"

आबांनी आत चुलीकडे नजर टाकली. मग म्हणाले, "तुझ्या बापाचं गो. बोट बुडाली. आईला सांगू नको, ती जगायची नाय."

म्हणजे इतकी वर्षं आईनं स्वतः वडे तळले, खीर केली, नवऱ्याला शिव्या देत देत त्याच्याच श्राद्धाचा स्वयंपाक केला, आणि वाढून घेणाऱ्याला ते माहीत होतं! आत्या सरळ चुलीपाशी गेली आणि आईला म्हणाली, बा पळाला नाय, बुडाला. आईनं आबांना हाक मारली. दारात उभं राहून आबा म्हणाले, "मी असं काय बी बोललो नाय. पोरीच्या डोक्यात कोणी काय भरलंय."

"भावजी खोटं बोलत नाय," आई म्हणाली. "बापाची बाजू घेऊ नको माझ्यापुढं."

आत्या त्याच पावली बाहेर पडली. दुसऱ्या दिवशी वरच्या वाडीतल्या एका म्हाताऱ्या खलाशाकडे गेली, तो धोंडूंबरोबर त्याच बोटीवर होता. त्यानं सगळं सांगितलं. बोट जुनी, तिनं हयातभर कापूस वाहिला, तांदूळ वाहिला, लढाईत दारूगोळा आणि खेचरांचा चारा. बाकीच्या बोटींबरोबर तांड्यानं जायचं; पण कोळसा हलका मिळाला की ही मागे पडायची आणि धूर असा ओकायची की दुश्मनाला कोसावरून दिसावी. खाली आगवाले जीव तोडून भट्टी पेटवायचे. मागे राहिलेल्यासाठी कुणी थांबायचं नाही असा हुकूम होता, आणि त्या पहाटे कुणी थांबलं नाही. पाणी आधी शिरलं ते भट्टीपाशी. वरचे काही होडीत बसले, खालून कुणी वर आलं नाही. हे त्यानं परतल्याबरोबर पोलादपूरच्या बाजारात आबांच्या कानावर घातलं होतं. "चल, आईला सांग," आत्या म्हणाली. त्यानं नकारार्थी मान हलवली. "तुझ्या काकाला शबुद दिलाय गो."

सगळे शब्दाचे पक्के! आई मेली तीही शिव्या देतच मेली. मळवट भरून, हिरवं लुगडं नेसवून तिला नेली, आणि बायका म्हणाल्या, अहेव गेली, पुण्याची.

हे आत्यानं मला आबा गेल्यानंतर सांगितलं. मी आबांची बाजू घेतली, घेणारच होतो. म्हटलं, आत्या, खरंच जीव गेला असता तुझ्या आईचा. ती हसली. "मेली नसती रे. मला घेऊन म्हायेराला गेली असती. मग तुमचं भात कोणी लावलं असतं?" ज्यांच्या बोटाला धरून मी बाजार पाहिला त्यांनी दोन बायकांना फसवलं आणि बुडालेल्या भावाला बदनाम होऊ दिलं. राग येतो, आणि त्यांच्यावरचं प्रेमही जात नाही, त्याचा जास्त राग येतो. आत्याचं मागणं एकच होतं, धोंडूचं पान घरच्या पानांत, नाव घेऊन ठेवा. आबांनी ठेवलं नाही. नंतर माझ्या वडिलांनीही नाही.

तेराव्याला तिच्या सुनेनं मला मागच्या दारी नेलं. तिथे एक सपाट दगड होता. दर सर्वपित्री अमावास्येला आत्या स्वतः तिथे बापाचं पान वाढायची, बाईनं असं करू नये म्हणणाऱ्यांना फाट्यावर मारून. शेजारी गोड्या पाण्याचा तांब्या, खाऱ्या पाण्यात गेलेल्या माणसासाठी. आणि मग बापाचं नाव घेऊन, अख्ख्या आळीला ऐकू जाईल अशी हाक. सून म्हणाली, "त्या हाकेनं आमची पोरं दचकायची."

परवा सर्वपित्री अमावास्या झाली. मी कौलांवर पानं मांडली, आबांच्या पानाला लागून आणखी एक मांडलं आणि तांब्या ठेवला. वडील खुर्चीतून बघत होते. त्यांचे डोळे आता अधू झालेत, पण पानं त्यांनी मोजली. हळूच म्हणाले, "नाव नको घेऊस रे. आबांना बरं वाटायचं नाय."

मी तोंडाशी हात धरले आणि रस्त्यापर्यंत जाईल अशी हाक मारली.

"धोंडूआजोबा... जेवायला या!"