हवेशीर खोली

हे मी आजवर कुणापाशी बोलले नाही. आईपाशी तर नाहीच — आणि खरं म्हणजे तिच्यापाशीच बोलायला हवं होतं.

माझं काम घरं तपासायचं. गोंडपिपरीच्या आसपासची गावं फिरते, फॉर्म भरते. भिंती उन्हात किती तापतात, साठवलेलं पाणी किती दिवस पुरेल, पुन्हा कोरोनासारखी साथ आली तर आजाऱ्याला ठेवायला वेगळी, हवेशीर खोली आहे का? समोरासमोर खिडक्या नसल्या की मी लगेच गुण कापते. वर भाषणही देते, हवा खेळती पाहिजे, बाई! लोकां सांगे ब्रह्मज्ञान — पुढचं तुम्हाला ठाऊक आहे.

आमचं घर दोन खोल्यांचं. समोरच्या खोलीला दोन खिडक्या, एकीत कूलर. मागची खोली धान ठेवायची, तिला आम्ही कोठी म्हणतो. कोठीला खिडकीच नाही.

दुसऱ्या लाटेत आईला कोरोना झाला. डॉक्टर मला म्हणाले, घरीच ठेवा, पण हवेशीर खोलीत. हे त्यांनी दोनदा सांगितलं. मला सांगायची गरज होती का? मी तर तेच शिकले होते! म्हणजे समोरची खोली आईला, कोठी मला. आणि बाहेर एप्रिल पेटलेला. भीती वाटली म्हणू? वाटली, पण ते कारण नव्हे. मला — मला कूलर सोडवला नाही.

घरी येऊन मी म्हणाले, "आई, डाक्टरनं तुले वारा मना केला हाये. कोठीतच राहा लागते."

"डाक्टरनं सांगतलं तं आयकाच लागते," म्हणाली, आणि उशी काखेत मारून आत गेली. पंधरा दिवस धानाच्या पोत्यांजवळ. मी उंबऱ्यावरून ताट सरकवायची, आणि ती आतून म्हणायची, तू दूर राह्य.

ती वाचली. सुटले वाटलं? छे! गल्लीभर सांगत फिरली, "माया पोरीनं मले वाचवलं."

आणि ती अजून कोठीतच झोपते. दर उन्हाळ्यात, हातपंखा घेऊन. इकडे ये म्हटलं की, "नाई वो, मले वारा मना हाये न." एका वाक्यानं तिला बाहेर काढता येतं. मी ते गिळते. का? तिच्या लेखी मी तिला वाचवणारी पोर आहे, आणि मला तीच राहायचंय. लाज वाटते, तरीही.

मागच्या महिन्यात आमच्या गल्लीची पाळी आली. आमच्याही घराचा फॉर्म मीच भरला. आजाऱ्यासाठी हवेशीर खोली आहे का? लिहिलं — आहे. खोटं नव्हतं ते. तेव्हाही होती.

आता दुपार आहे. हे लिहिताना मी कूलरसमोर बसलेय. आत्ताच कोठीतून आईचा आवाज आला, "पोरी, कूलरात पानी हाये न?"

मी हो म्हटलं.