पवनेचे मासे आणि बेपत्ता कर्ता

मंडळी, कॉलनीच्या फळ्यावर आज मुद्दाम लिहितोय. सकाळी पवना नदीच्या काठी पाटी लागली: "नदीत विषारी रसायने सोडली गेली आहेत. गरोदर स्त्रियांनी येथील मासे शक्यतो खाऊ नयेत."

शेजारच्या सावंतकाकूंची लेक बाळंतपणाला आलीय. आठवडाभर तिच्या ताटात पवनेचेच मासे!

काकूंनी पाटी लावणाऱ्या साहेबांना गाठलं. "अहो, सोडली कुणी?"

"सोडली गेली आहेत, बाई."

"माझ्या लेकीनं खाल्लेत की हो ते मासे!"

"काळजीचं कारण नाही."

कर्मणी प्रयोगात कर्ता तृतीयेत जातो, एवढं संस्कृत आम्हीही शिकलोय. हा मात्र कुठल्यातरी कारखान्याच्या फाटकाआड गेलेला दिसतो.

आणि काळजीचं कारण नाही, तर पाटी कशाला? उद्या काकूंबरोबर, लेकीला दवाखान्यात दाखवून, साहेबांच्या कचेरीत हेच विचारायला जातोय. आणखी कोण येतंय?